गरोदरपणातला ताण: आईचा किती, परिस्थितीचा किती?

घरात लेक किंवा सून गरोदर असली की तिला दोन सूचना हमखास मिळतात. पहिली, दोन जिवांची आहेस, पोटभर जेव. दुसरी, मनाला लावून घेऊ नकोस, बाळावर परिणाम होतो. पहिली सूचना देणारं माणूस निदान ताट वाढून पुढे ठेवतं. दुसरी देणारं माणूस सूचना देऊन मोकळं होतं. कित्येकदा तर जिच्या बोलण्याने ती रडत असते, तीच व्यक्ती ‘रडू नकोस’ म्हणून बजावत असते.

सूचना कोणीही देवो, तिच्यात तथ्य किती हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे त्याचं उत्तर अभिमन्यूच्या गोष्टीपासून सुरू होतं आणि हल्ली गर्भसंस्काराच्या ऑनलाइन क्लासच्या फीपाशी येऊन थांबतं. प्रयोगशाळेत हा प्रश्न शिरून आता पासष्ट-सत्तर वर्षं झाली. या काळात उंदीर, माकडं, हिमवादळात सापडलेल्या बायका, युद्धात जन्मलेली मुलं, टेस्ट ट्यूब बाळं असा बराच पुरावा गोळा झाला. तो एकत्र वाचल्यावर वाटतं की परिणाम खरा आहे, पण तो ज्या गोष्टीच्या माथी मारला जातो ती गोष्ट, म्हणजे आईची मनःस्थिती, या सगळ्यात सर्वात डळमळीत दुवा आहे.

सुरुवात उंदरांपासून झाली. १९५७ साली डब्ल्यू. आर. थॉम्पसन या मानसशास्त्रज्ञाने ‘सायन्स’मध्ये एक छोटा निबंध छापला. प्रयोगाची रचना क्रूर होती, पण डोकेबाज. उंदरांच्या माद्यांना आधी शिकवलं, की घंटी वाजली की विजेचा झटका बसतो आणि दार उघडून पलीकडच्या खणात पळालं की सुटका होते. मग त्यांना गाभण होऊ दिलं. गाभणपणात रोज त्याच पेटीत ठेवून घंटी वाजवायची, पण या वेळी दार बंद. झटका मात्र एकदाही द्यायचा नाही. म्हणजे त्यांच्या अंगाला काहीच झालं नाही, होती ती निव्वळ धास्ती. पिल्लं जन्मल्यावर काही पिल्लांची अदलाबदल करून ती निवांत राहिलेल्या माद्यांच्या पोटाशी लावली, म्हणजे वाढवण्यातला फरक वजा व्हावा. धास्तावलेल्या माद्यांची पिल्लं मोकळ्या जागेत सोडली की बिचकायची, कमी फिरायची, पिंजऱ्यातून बाहेर पडून खाण्यापर्यंत पोचायला वेळ लावायची. मोठेपणीही हा फरक पुसला गेला नव्हता.

पुढच्या चाळीस वर्षांत या प्रयोगाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. सर्वात रुळलेली पद्धत म्हणजे गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यात मादीला दिवसातून तीनदा, पाऊण-पाऊण तास, प्रखर दिव्याखाली पारदर्शक नळीत अडकवून ठेवायचं. तिच्या पिल्लांमध्ये एक ठरावीक दोष दिसतो. भीतीच्या प्रसंगी वाढलेलं ताणाचं संप्रेरक प्रसंग टळला तरी लवकर खाली येत नाही. ते खाली आणण्याचा हुकूम देणारा मेंदूचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस, स्मृतीचंही काम तोच पाहतो, आणि या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते संप्रेरक ओळखणारे ग्राही कमी असतात.

ही पद्धत वापरणाऱ्या एका फ्रेंच गटाने नव्वदच्या दशकात दोन गोष्टी दाखवल्या आणि माझ्या मते मूळ निष्कर्षापेक्षा त्या जास्त मोलाच्या आहेत. पहिली: मादीच्या शरीरात ताणाच्या वेळी संप्रेरक उसळूच दिलं नाही, तर नळीत कितीही कोंडा, पिल्लांवर तो परिणाम होत नाही. म्हणजे निरोप्या सापडला. दुसरी: ताणाखालच्या माद्यांची पिल्लं जन्मताच दुसऱ्या माद्यांकडे दत्तक दिली, तर संप्रेरकाचा तो दोष मावळतो. थॉम्पसनच्या पिल्लांत आई बदलूनही भित्रेपणा उरला होता, इथे तसं झालं नाही. गर्भात बसलेला ठसा जन्मानंतरच्या संगोपनाने पुसट होऊ शकतो, हे १९९५ सालीच छापून आलं. लोकांपर्यंत मात्र पोचला तो फक्त ठसा.

उंदरावरून माणसावर उडी मारताना दोन अडचणी येतात. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू माणसाच्या सहा-सात महिन्यांच्या गर्भापेक्षाही कच्चा असतो, त्यामुळे ‘शेवटचा आठवडा’ म्हणजे बाईचा नववा महिना नव्हे. आणि नळीत कोंडणं म्हणजे काही ऑफिसातली डेडलाइन नव्हे. बहुतेक प्रयोगांत दिलेला ताण असा असतो की माणसाच्या बाबतीत आपण त्याला ताण न म्हणता छळ म्हणू.

निरोप्याचं नाव माणसात कॉर्टिसॉल. मेंदूने धोका हेरला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ते रक्तात सोडतात. पण आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल जसंच्या तसं बाळापर्यंत जात नाही, मध्ये वार असते. वारेत एक विकर आहे, त्याचं नाव लांबलचक आहे, ते कॉर्टिसॉलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. वार म्हणजे जुना जकात नाका समजा: ऐंशी-नव्वद टक्के माल तिथेच जप्त होतो. तरीही उरलेलं थोडं पलीकडे जातं. लंडनमध्ये व्हिव्हेट ग्लोव्हर यांच्या गटाने आई आणि गर्भ दोघांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल मोजलं. गर्भातलं प्रमाण आईच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होतं, पण आईचं जास्त तर बाळाचंही जास्त, असा मेळ दिसला. पुढे याच गटाला असंही आढळलं की जास्त चिंताग्रस्त आयांच्या वारेत ते विकर कमी असतं, म्हणजे नाक्यावरची माणसंच कमी.

इतकं वाचून गोष्ट जुळली असं वाटतं. ती पुरती जुळत नाही. गरोदरपणात कॉर्टिसॉल तसंही दुपटी-तिपटीने वाढतं, ते बाळाची फुप्फुसं पक्व होण्यासाठी लागतं. आणि बाईला विचारून मोजलेला ताण व तिच्या रक्तातलं कॉर्टिसॉल यांचा मेळ माणसात फारच सैल असतो. खूप काळजीत असलेल्या बाईचं कॉर्टिसॉल अगदी साधारण निघू शकतं. म्हणून हल्ली शोध दाह वाढवणारी रसायनं, वारेचा रक्तपुरवठा, झोप, आहार अशा अनेक वाटांनी चालू आहे. ‘आईला ताण, बाळाला कॉर्टिसॉल’ हे सूत्र भाषणात सोपं जातं, शरीरात इतकं सोपं नाही.

नाक्याचं महत्त्व कळायला फिनलंडमधलं एक उदाहरण फार चांगलं आहे, आणि ते आपल्या घरातल्या बरणीपर्यंत येतं. फिनलंडमध्ये काळी, लिकोराइसची मिठाई आवडीने खातात. लिकोराइस म्हणजे ज्येष्ठमध. त्यातलं ग्लिसरायझिन वारेतल्या त्याच विकराला अडवतं. हेलसिंकीच्या काट्री रायकोनेन यांनी गरोदरपणात ही मिठाई भरपूर खाल्लेल्या बायकांची मुलं सुमारे साडेबारा वर्षांची असताना तपासली. आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून जास्त ग्लिसरायझिन पोटात गेलेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यंक, अगदी थोडं खाणाऱ्यांच्या मुलांच्या तुलनेत, सरासरी सात गुणांनी कमी होता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे. घसा बसला म्हणून चघळलेल्या ज्येष्ठमधाच्या एका काडीने काही बिघडतं, असा त्याचा अर्थ काढू नये. पण ‘आयुर्वेदिक आहे, चालतं’ म्हणून गरोदर बाईला रोज काढा पाजणाऱ्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा. इथे आईच्या चिंतेचा संबंधच नव्हता. मिठाई खाऊन ती मजेतच असणार. तरी बाळापर्यंत जास्त कॉर्टिसॉल पोचल्याची शक्यता आहे.

मुदतपूर्व प्रसूतीची भीती असली की बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला कॉर्टिसॉलच्याच जातीच्या स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ साली ही पद्धत सिद्ध केली आणि तिने असंख्य कोवळी बाळं वाचवली. ही औषधं वारेतल्या विकराला फारशी दाद देत नाहीत. फिनलंडमधल्याच साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०२० साली असं दिसलं की गर्भात ही औषधं मिळालेल्या मुलांत पुढे मानसिक आणि वर्तनाच्या तक्रारी काहीशा जास्त नोंदल्या गेल्या. यावरून इंजेक्शन टाळावं असं कोणी म्हणत नाही. गरज असेल तेव्हाच द्यावं, इतकंच.

माणसातली खरी अडचण वेगळी आहे. गरोदर बायकांची चिठ्ठ्या टाकून ताण देण्यासाठी निवड करता येत नाही. सतत काळजी करणारी आई बाळाला जनुकंही देते, त्याला वाढवतेही तीच, आणि तिच्या काळजीचं कारण, समजा दारू पिणारा नवरा किंवा डोक्यावरचं कर्ज, बाळ जन्मल्यावरही घरात असतंच. मुलगा पुढे चिडका निघाला तर त्याचं कारण गर्भात शोधायचं, रक्तात की घरात? म्हणून संशोधक आभाळाने टाकलेल्या चिठ्ठ्या शोधत राहिले.

अशी चिठ्ठी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जानेवारी १९९८ मध्ये पडली. पाच दिवस पाऊस पडत होता, आणि तो जमिनीवर, तारांवर, झाडांवर टेकताच गोठत होता. बर्फाच्या वजनाने विजेचे हजारावर पोलादी मनोरे वाकून कोसळले. तीस लाखांहून अधिक लोक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले. कुणाची वीज काही तासांत आली, कुणाची पाच आठवड्यांनंतरही आली नव्हती. मॉन्ट्रियलच्या सुझान किंग यांनी त्या काळात गरोदर असलेल्या किंवा लगेच नंतर दिवस गेलेल्या बायका शोधल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांना प्रश्नावल्या पाठवल्या. दीडशेहून अधिक कुटुंबं या अभ्यासात राहिली आणि त्यांची मुलं पार तरुण होईपर्यंत तपासली गेली.

किंग यांनी दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या, आणि या अभ्यासाची खरी कमाई तीच. एक, बाईवर प्रत्यक्ष काय ओढवलं: किती दिवस वीज नव्हती, घर सोडावं लागलं का, जीव धोक्यात आला का, पैशांचं नुकसान किती. दुसरी, तिला त्याचा त्रास किती वाटला. एखादी बाई महिनाभर निवाऱ्यात राहूनही ‘निभावलं’ म्हणते, एखादीला दोन दिवसांतच झोप लागेनाशी होते. वीज कुणाची जाणार हे स्वभावावर, जनुकांवर किंवा नवऱ्यावर ठरलं नव्हतं, मनोरा कुठला पडला त्यावर ठरलं होतं.

मुलं दोन वर्षांची असताना ज्यांच्या आयांवर प्रत्यक्ष संकट मोठं आलं होतं त्यांचे बुद्धीचे आणि भाषेचे गुण कमी होते, त्यांना समजणारे आणि बोलता येणारे शब्द कमी होते. साडेपाच वर्षांनाही फरक टिकून होता. गटांची सरासरी सर्वसाधारण पातळीच्या आतच होती, हे इथे सांगायला हवं. बातम्यांत ते हमखास गळतं. आणि या गुणांशी नातं सांगत होतं ते मुख्यतः प्रत्यक्ष ओढवलेलं संकट. आईला वाटलेला त्रास त्यापुढे फिका पडला. पुढे तेरा वर्षांच्या ३६ मुलांच्या रक्तपेशी तपासल्या तेव्हा जनुकांवरच्या रासायनिक खुणांतले फरकही संकटाच्या मोजमापाशी जुळले, त्रासाच्या नाही. ३६ मुलं म्हणजे फार लहान गट, या शेवटच्या निष्कर्षावर मी फारसा भार टाकणार नाही. पण मनाला लावून न घेणाऱ्या बाईच्या बाळालाही पाच आठवड्यांचा अंधार चुकला नाही, एवढं या अभ्यासावरून दिसतं.

युद्धाचा पुरावा याहून जुना आहे आणि जास्त गुंतागुंतीचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली, माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्या खाली, शेवटी शेवटी निम्म्यावर आलं. त्या उपासमारीच्या ऐन भरात ज्यांचा गर्भ राहिला त्यांच्यात स्किझोफ्रेनिया सुमारे दुप्पट आढळला. पण त्याच काळात जन्मलेल्या मुलग्यांची एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीला जी बुद्धिमापन चाचणी झाली, तीत काहीही उणं निघालं नाही. मेंदूवरचा घाव सगळीकडे सारखा बसत नाही. यात भूक किती आणि दहशत किती, हे वेगळं करता येत नाही म्हणून मे १९४० मध्ये जर्मन फौजा घुसल्या ते पाच दिवस तपासले गेले. तेव्हा भूक नव्हती, बॉम्ब होते. त्या वेळी पोटात असलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण किंचितच जास्त निघालं.

फिनलंडमध्ये १९७८ साली हुट्टुनेन आणि निस्कानेन यांनी साधी, पण विचारात पाडणारी तुलना केली. एका गटात अशी माणसं, ज्यांचे वडील ती पोटात असताना वारले. दुसऱ्यात अशी, ज्यांचे वडील ती वर्षाची होण्याआधी वारले. दोन्ही बापाविना वाढली, दोघांच्या आया विधवा. फरक फक्त काही महिन्यांचा. पहिल्या गटात स्किझोफ्रेनिया जास्त होता. पुढे डेन्मार्कच्या जवळपास चौदा लाख जन्मांच्या नोंदींतून दिसलं की गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईचं जवळचं माणूस गेलं तर बाळाला पुढे हा आजार होण्याचा धोका ६७ टक्क्यांनी वाढतो, नंतरच्या महिन्यांत गेलं तर नाही. ६७ टक्के ऐकून छातीत धस्स होतं. पण मूळ धोकाच शंभरात एकाहून कमी असतो. वाढूनही तो शंभरात दोनापर्यंत पोचत नाही.

टक्क्यांच्या या खेळाचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या ब्रिस्टल परिसरातलं आहे. १९९१-९२ मध्ये तिथे सुमारे चौदा हजार गरोदर बायकांची नोंद झाली आणि मुलांचा माग आजही ठेवला जातो. बत्तिसाव्या आठवड्यात सर्वात जास्त चिंतेत असलेल्या पंधरा टक्के बायकांची मुलं चौथ्या वर्षी भावनिक आणि वर्तनाच्या अडचणींत सापडण्याची शक्यता दुप्पट होती. तेराव्या वर्षीही फरक होता: इतर आयांच्या मुलांत शंभरात सुमारे सात, या आयांच्या मुलांत बारा. ‘दुप्पट’ हा शब्द मथळ्यात येतो. सर्वात चिंतातुर आयांच्या शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी मुलांना काही झालं नाही, हे वाक्य कुठल्या मथळ्यात वाचल्याचं मला आठवत नाही.

हे बारा तरी गर्भातल्या ताणामुळेच का? कार्डिफच्या फ्रान्सिस राइस आणि अनिता थापर यांनी टेस्ट ट्यूब बाळांचा आधार घेऊन हा गुंता उकलला. काही आयांनी स्वतःच्या बीजांडातून झालेलं बाळ वाढवलं होतं, काहींनी दान मिळालेल्या बीजांडातून. दुसऱ्या प्रकारात गर्भाशय आईचं, जनुकं परक्या बाईची. आईच्या ताणाचा बाळाच्या कमी वजनाशी आणि आक्रमक वागण्याशी असलेला संबंध दोन्ही प्रकारांत दिसला, म्हणजे तिथे गर्भाचा हात आहे. पण एकाग्रता नसणं, अति चळवळेपणा यांचा संबंध फक्त जनुकं जुळणाऱ्या जोड्यांत दिसला. म्हणजे जी आई स्वतः धांदरट आणि कायम ताणात, तिने मुलाला स्वभाव दिला, ताण नव्हे. आणि मुलांच्या भित्रेपणाचा धागा आईच्या जन्मानंतरच्या चिंतेशी जाऊन मिळाला. एवढ्या एका अभ्यासाने ‘गरोदरपणातल्या ताणामुळे मूल हायपर होतं’ हे सर्रास बोललं जाणारं वाक्य बरंच ढिलं पडतं.

मेंदूच्या एमआरआयची चित्रं आता भरपूर आहेत. कॅलिफोर्नियात १९ व्या आठवड्यात जास्त चिंतेत असलेल्या बायकांच्या सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत मेंदूच्या काही भागांतलं करडं द्रव्य कमी दिसलं. आणखी एका अभ्यासात सुरुवातीच्या महिन्यांत आईचं कॉर्टिसॉल जास्त असेल तर मुलींमध्ये भीतीचं केंद्र, म्हणजे अमिग्डाला, मोठं दिसलं, मुलग्यांत नाही. सिंगापूरमध्ये चिंताग्रस्त आयांच्या बाळांचा हिप्पोकॅम्पस पहिल्या सहा महिन्यांत सावकाश वाढताना दिसला. चित्रं देखणी असतात आणि म्हणूनच सावध राहावं लागतं. यातले बरेच गट काही डझनांचे आहेत, आणि एखादा भाग दोन-चार टक्क्यांनी लहान असण्याचा त्या मुलाच्या शाळेतल्या, घरातल्या दिवसाशी काय संबंध, ते चित्र सांगत नाही.

उलट दिशेचा पुरावाही आहे, तो क्वचितच कुणी सांगतं. जॉन्स हॉपकिन्सच्या जॅनेट डिपिएट्रो यांनी सुस्थितीतल्या, निरोगी बायकांचा अभ्यास केला. माफक चिंता आणि ताण असलेल्या आयांची मुलं दुसऱ्या वर्षी हालचालींत आणि बुद्धीत थोडी पुढेच होती. रोजची धावपळ, परीक्षा, लोकल, सासूबाईंशी झालेली कुरबुर एवढ्याने बाळाचं नुकसान होतं, असं या अभ्यासावरून तरी मुळीच म्हणता येत नाही.

सुस्थिती हा शब्द इथे कळीचा. जून २००५ मध्ये उत्तर चिलीत तारापाका भागात मोठा भूकंप झाला. फ्लोरेन्सिया टोर्चे या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेव्हा पोटात असलेल्या मुलांची सातव्या वर्षी बुद्धीची मोजणी पाहिली. गरीब घरातली मुलं मागे पडलेली होती. मध्यमवर्गीय घरातल्या मुलांवर परिणामच नव्हता. जमीन हादरली ती दोघांच्याही पायाखाली, त्याच दिवशी, तितकीच. मग फरक कशाने पडला? नंतरच्या सात वर्षांत एका घराकडे मुलासाठी वेळ, पैसा, डॉक्टर, पुस्तकं होती, दुसऱ्याकडे नव्हती. दत्तक दिलेल्या उंदरांच्या पिल्लांची आठवण इथे व्हावी. लंडनमध्येही असंच दिसलं: गर्भजलात कॉर्टिसॉल जास्त असलेल्या बाळांची बुद्धीची प्रगती कमी होती, पण आईशी ज्यांचं घट्ट, भरवशाचं नातं जुळलं त्यांच्यात हा संबंध दिसलाच नाही.

आपल्याकडचा ताण कुठून येतो, यावर गोव्यात चांगलं काम झालं आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतल्या २७० बायकांची नोंद केली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं, आणि त्यातल्या ७८ टक्के बायकांची मनःस्थिती गरोदरपणातच ढासळलेली होती. म्हणजे ज्याला आपण बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतो त्यातलं बरंचसं आधीपासूनच असतं. कारणं कोणती? पैशांची ओढाताण, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगी होणं. यातल्या एकाही कारणावर वीणेचं रेकॉर्डिंग लावून उपाय होत नाही.

बीडहून ऊसतोडीला जाणारी जोडपी पाहा. मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई गरोदर असली म्हणून उचल कमी होत नाही. पहाटे थंडीत फडात उतरायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडी भरायची, एक दिवस पडून राहिलं तर खाड्याचे पैसे कापले जायचे. किंग यांच्या प्रश्नावलीत ‘प्रत्यक्ष ओढवलेलं संकट’ म्हणून जे विचारलं होतं ते सगळं इथे आहे, आणि ते पाच आठवड्यांचं नाही, दर हंगामाचं आहे. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण ती दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेतल्या नोकरदार बाईला. कोयत्याच्या हिशोबात बाईचं वेगळं नावच नसतं, तिला रजा कोण देणार?

म्हणूनच २०१४ साली हार्वर्डच्या सारा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये कानउघाडणी केली, की या संशोधनाचा बोजा आईच्या डोक्यावर टाकू नका. संशोधनाचा रोखही एकतर्फी होता. बापाच्या ताणाचं काय, हे कुणी विचारतच नव्हतं. ट्रेसी बेल यांनी २०१३ मध्ये नर उंदरांना, मादीशी संग होण्याआधी, ताण दिला. त्यांच्या शुक्राणूंतल्या काही सूक्ष्म रेणूंचं प्रमाण बदललं आणि पिल्लांचा ताणाला मिळणारा प्रतिसादही बदलला. बाप पिल्लांच्या जवळपासही नव्हता. नवऱ्यासाठी गर्भसंस्काराचा क्लास मात्र अजून कुणी काढल्याचं ऐकिवात नाही.

मग करता काय येतं? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला २०११ मध्ये महापूर आला तेव्हा किंग यांचा गट तिथेही गेला. काही गरोदर बायकांना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ओळखीची सुईण तपासत होती, काहींना दर वेळी नवा चेहरा. पुराचा तडाखा सारखाच बसूनही पहिल्या बायकांची मनःस्थिती बाळंतपणानंतर जास्त सावरलेली होती. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात आतिफ रहमान यांनी आपल्या आशाताईंसारख्या गावातल्या आरोग्यसेविकांना बोलण्यातून उपचार करायला शिकवलं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून सोळा भेटी. नैराश्य असलेल्या ९०३ बायका त्यात होत्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा हा उपचार मिळालेल्या बायकांत २३ टक्क्यांना नैराश्य उरलं होतं, बाकीच्यांत ५३ टक्क्यांना. औषध नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि निकाल असा.

याच मुलांना सातव्या वर्षी पुन्हा तपासलं तेव्हा मात्र बुद्धी, वर्तन, वाढ कशातच दोन्ही गटांत फरक नव्हता. काहींना हे अपयश वाटलं. मला ते तसं वाटत नाही. सोळा भेटींनी सात वर्षांची गरिबी भरून निघावी ही अपेक्षाच जास्तीची होती. शिवाय आईचं नैराश्य बरं करायला बाळाच्या बुद्ध्यंकाचं निमित्त का लागावं? ती बरी झाली, एवढं कारण पुरेसं नाही का? हाच उपक्रम पुढे गोव्यातही झाला. तिथे सेविकांऐवजी आसपासच्याच, स्वतः लेकुरवाळ्या बायकांना शिकवून त्यांच्याकरवी तो राबवला. बऱ्या झालेल्या बायका थोड्या जास्त निघाल्या, फार नाही. घरी येऊन बसणारी, ऐकून घेणारी आणि ‘मनाला लावून घेऊ नकोस’ एवढंच न सांगता नवऱ्यालाही समोर बसवणारी एक शेजारीण, इतकाच तो उपचार आहे, आणि सरकारी दवाखान्यात वजन, बीपी आणि हिमोग्लोबिन लिहिलेल्या कार्डावर त्याच्यासाठी अजून रकाना नाही.